मोबाइलवरची व्याख्यानमाला: फुकट आहे, पण कार्यवाह आपणच व्हायचं

मे महिन्यात नाशिककराला व्याख्यान शोधावं लागत नाही. गोदाघाटावर यशवंतराव महाराज पटांगणात वसंत व्याख्यानमाला असते. ऊन उतरलं की जायचं आणि जागा धरून बसायचं. वक्ता कोण, विषय कोणता, किती वाजता सुरू, हे सगळं आयोजकांनी ठरवलेलं असतं. एखाद्या दिवशी विषय आपल्या आवडीचा नसतो, तरी आलोच आहोत म्हणून माणूस बसून राहतो आणि पुष्कळदा तोच विषय डोक्यात घेऊन घरी येतो.

उरलेले अकरा महिने मोबाइलचे. तिथे जगभरातली उत्तम व्याख्यानं एक पैसा न देता मिळतात, फक्त त्यांना कार्यवाह नाही. यूट्यूब जे पुढे सरकवेल ते आपण उघडतो, दहा मिनिटांत दुसरं काहीतरी दिसतं, आणि तासाभराने हाती काय लागलं ते सांगता येत नाही. म्हणून आयोजकाचं काम स्वतःकडे घ्यायचं. ते कसं घ्यायचं आणि सुरुवातीला काय लावायचं, ते पुढे सांगतो. यादी माझ्या आवडीची आहे. तुमची वेगळी होईल, व्हायलाच हवी.

पायरी पहिली: वक्ता नंतर, आधी जागा

‘चांगलं काहीतरी सुचव ना’ असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, कुठे बघणार आणि कोणाबरोबर? जेवणानंतर हॉलमध्ये आईवडिलांसोबत बघायचं व्याख्यान वेगळं आणि पंचवटी एक्स्प्रेसमध्ये खिडकीशी बसून ऐकायचं वेगळं. सोसायटीच्या गच्चीवर वीस जणांना दाखवायचं तर तिसरंच. चांगलं व्याख्यान चुकीच्या जागी लावलं की लोक कंटाळतात आणि दोष वक्त्यावर जातो.

दुसरा प्रश्न असा, की हे बघायचं आहे की नुसतं ऐकायचं? फळ्यावर गणित चाललं असेल, आलेख हलत असतील, प्रयोग होत असेल तर पडदा हवा. नुसतं बोलणं असेल तर मोबाइल खिशात आणि हेडफोन कानात. दोन प्रकारांच्या दोन वेगळ्या याद्या केल्यात की निम्मं काम झालं. यूट्यूबवर ‘प्लेलिस्ट’ करता येते. एकीला ‘डोळे’ नाव द्या, दुसरीला ‘कान’.

पायरी दुसरी: सुरुवात वीस मिनिटांच्या आतली

तासभराच्या व्याख्यानाने सुरुवात करू नका. टेड या अमेरिकी संस्थेच्या मंचावरची भाषणं साधारण अठरा मिनिटांच्या चौकटीत बसवलेली असतात, तेवढं जेवणानंतर घरातल्या सगळ्यांना झेपतं. टेडवर बरंच गोड गोड, टाळ्याखाऊ बोलणंही असतं हे खरं. पण काही भाषणं पंधरा-वीस वर्षांनंतरही ताजी आहेत.

पहिलं नाव हान्स रोझलिंग. स्वीडनमधले डॉक्टर आणि सार्वजनिक आरोग्याचे प्राध्यापक. २००६ च्या भाषणात त्यांनी देशांचे रंगीत बुडबुडे पडद्यावर हलवले. आडव्या अक्षावर दर बाईमागे मुलं किती, उभ्या अक्षावर आयुर्मान किती, आणि वर्षं सरकत जातात तसे बुडबुडे धावतात. हे गृहस्थ क्रिकेटचा सामना चालला असावा अशी त्याची कॉमेंटरी करतात. आकडेवारी इतकी रंगलेली मी दुसरीकडे पाहिली नाही. ‘गरीब देश म्हणजे मोठी कुटुंबं आणि लहान आयुष्य’ हे चित्र किती जुनं झालंय, हे बुडबुड्यांकडे बघताना आपोआप कळतं.

त्यांचंच दुसरं, वॉशिंग मशीनवरचं, २०१० सालचं आणि जेमतेम नऊ मिनिटांचं. घरात पहिल्यांदा मशीन आलं तेव्हा आजी त्याच्यासमोर बसून सबंध धुणं बघत राहिली, अशी आठवण ते सांगतात. मशीन आल्यावर आईचा वेळ वाचला, आणि ती मुलाला वाचनालयात घेऊन जायला लागली. शेवटी ते मंचावरच्या मशीनमधून पुस्तकं काढतात. ज्या घरातल्या बायकांनी गोदावरीवर नाहीतर न्हाणीघरातल्या दगडावर वर्षानुवर्षं धुणी आपटली, त्या घरात हे लावून बघा. भाषणापेक्षा नंतरच्या गप्पा लांबतात.

त्यानंतर चिमामांडा न्गोझी अडिची, २००९. नायजेरियाची ही लेखिका सांगते, की एखाद्या समाजाची एकच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली की तीच आपल्याला खरी वाटू लागते. अमेरिकेत शिकायला गेल्यावर खोलीतली मैत्रीण तिला ‘तुमचं आदिवासी संगीत ऐकव’ म्हणाली आणि हिने मराया कॅरीची कॅसेट काढली, हा किस्सा त्यातलाच. भाषण संपलं की मुलांना विचारा, बाहेरच्यांना नाशिक म्हणजे काय वाटतं? कुंभमेळा, द्राक्षं, वायनरी. मग सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी करणारा कुठे गेला आणि सुरगाण्याहून शिकायला आलेली मुलगी कुठे गेली, हा प्रश्न तीच काढतील.

पायरी तिसरी: भाषेचा अडसर

‘इंग्रजी आहे, कळणार नाही’ म्हणून बरेच जण इथेच थांबतात. उपाय तीन.

टेडच्या संकेतस्थळावर पुष्कळ भाषणांना स्वयंसेवकांनी केलेली मराठी उपशीर्षकं आहेत. ती माणसांनी लिहिलेली असल्यामुळे वाचवतात. भाषणाच्या भाषांच्या यादीत मराठी आहे का, ते आधी बघा.

यूट्यूबवर व्हिडिओच्या कोपऱ्यातल्या दातेरी चाकावर टिचकी द्या आणि सबटायटल्समध्ये इंग्रजी निवडा. मग पुन्हा तिथेच जाऊन ‘ऑटो-ट्रान्सलेट’ आणि यादीतून मराठी. संगणकावर हे सहज सापडतं, मोबाइलवर थोडं शोधावं लागतं. यंत्राचं मराठी विनोदी असतं, शास्त्रीय शब्दांचे हाल होतात, पण धागा हाती लागतो. इंग्रजी वाचता येत असेल आणि फक्त उच्चार कळत नसतील, तर मराठीच्या भानगडीत न पडता इंग्रजी उपशीर्षकंच ठेवा.

तिसरा उपाय वेगाचा. त्याच दातेरी चाकात ‘प्लेबॅक स्पीड’ असतो. ०.७५ वर अमेरिकी प्राध्यापकही सावकाश बोलायला लागतो. उलट, रेंगाळत बोलणाऱ्याला १.२५ वर न्या. संतसाहित्यावर बोलणाऱ्या राम शेवाळकरांना मात्र दीडपट वेगाने ऐकणाऱ्याला काय म्हणावं, ते मला सुचत नाही.

पायरी चौथी: प्रवासातली, कानांची यादी

रोज नाशिकरोडहून मुंबई गाठणारे आणि संध्याकाळी परतणारे पुष्कळ आहेत. जाऊन-येऊन सहा-सात तास गाडीत जातात, आणि कसाऱ्याच्या घाटात बोगदे लागले की नेटवर्क गुल होतं. त्यामुळे घरच्या वायफायवर रात्रीच डाउनलोड करून ठेवा. यूट्यूबवर बऱ्याच व्हिडिओंखाली डाउनलोडचं बटण असतं. नुसतं ऐकायचं असेल तर सगळ्यात कमी दर्जा निवडा, जागा वाचते.

कानांसाठी मराठीसारखी श्रीमंत भाषा नाही. कॅसेटच्या काळातली ध्वनिमुद्रणं लोकांनी जपून इंटरनेटवर चढवली आहेत. पडद्यावर नुसता एक फोटो असतो, म्हणजे बघण्यासारखं काहीच सुटत नाही. तीन नावं.

नरहर कुरुंदकर. नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे प्राचार्य, १९८२ साली औरंगाबादला व्यासपीठावरच गेले. मुद्रण खरखरीत आहे आणि मधूनच आवाज बुडतो. तरी पहिली पाच मिनिटं सोसा. हा माणूस समोरच्याला पटवण्याच्या घाईत नसतो. आधी विरुद्ध बाजू तिच्या समर्थकांपेक्षा चांगली मांडतो, मग एकेक खुंटी काढत जातो. वाद कसा घालावा हे शिकायचं असेल तर दुसरीकडे जाऊ नका.

प्राचार्य शिवाजीराव भोसले. फलटणचे. विवेकानंदांवर, शिवचरित्रावर, संतांवर बोलतात. वाक्यं लांब आणि घोटीव, आवाज कधी चढत नाही. काहींना हे जुन्या वळणाचं वाटेल. मला रात्री परतीच्या गाडीत हेच लागतं.

राम शेवाळकर. संतसाहित्यावरची त्यांची निरूपणं हप्त्याहप्त्याने ऐकण्याजोगी आहेत. एका बैठकीत संपवायला जाऊ नका.

इंग्रजी कानांना बीबीसीची रीथ व्याख्यानं. १९४८ पासून चालू आहेत, पहिले वक्ते बर्ट्रांड रसेल. जुनी मुद्रणंही बीबीसीच्या संकेतस्थळावर मिळतात. रसेलपासूनच सुरुवात करायला हवी असं नाही, आपल्या विषयाचा वक्ता शोधा.

पायरी पाचवी: चार लोक जमवून

सगळ्यात जास्त मजा इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सोसायटीचा हॉल, वाचनालयाची खोली, नाहीतर कोणाच्या तरी घरचा मोठा टीव्ही. टीव्ही आणि मोबाइल एकाच वायफायवर असले की यूट्यूबमधल्या ‘कास्ट’च्या खुणेने चित्र टीव्हीवर जातं. गच्चीवर प्रोजेक्टर लावणार असाल तर अंधार पडल्याशिवाय काही दिसत नाही आणि प्रोजेक्टरचा स्वतःचा आवाज चार जणांनाही पुरत नाही, तेव्हा वेगळा स्पीकर न्या. लोक यायच्या आधी व्हिडिओ एकदा सुरू करून मध्ये थांबवून ठेवा. जाहिरात लागायची असेल ती तेव्हाच लागून जाते. ‘ऑटोप्ले’ बंद करा, नाहीतर डोळे पुसत बसलेल्या मंडळींसमोर थेट कुठल्याशा राजकीय भांडणाचा व्हिडिओ सुरू होतो.

गटासाठी माझी पहिली पसंती मायकल सँडेल यांच्या न्यायावरच्या व्याख्यानांना. हार्वर्डमधला हा वर्ग २००९ पासून बारा भागांत खुला आहे. पहिल्याच भागात ब्रेक निकामी झालेली ट्राम येते. सरळ गेली तर पाच कामगार मरतात, वळवली तर एक. काय कराल? बहुतेक जण वळवतात. मग सँडेल परिस्थिती थोडी बदलतात. आता पुलावरून एका जाड माणसाला ढकललं तर ट्राम थांबते आणि पाचही जण वाचतात. आता सभागृह गप्प. इथे व्हिडिओ थांबवा. हार्वर्डच्या पोरांचं उत्तर ऐकण्याआधी आपल्या हॉलमधल्या निवृत्त मुख्याध्यापकांचं, रिक्षावाल्या काकांचं, बारावीतल्या मुलीचं उत्तर ऐका. पंचावन्न मिनिटांचा भाग दोन तास चालतो, आणि चालू द्यावा. एका बैठकीला एकच भाग.

दुसरी पसंती रँडी पॉश. कार्नेगी मेलन विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवणारा प्राध्यापक, स्वादुपिंडाचा कर्करोग, डॉक्टरांनी हातात काही महिनेच असल्याचं सांगितलेलं, घरी तीन लहान मुलं. १८ सप्टेंबर २००७ ला त्याने आपल्या विद्यापीठात सव्वा तासाचं व्याख्यान दिलं. लहानपणची स्वप्नं कशी पुरी करायची, हा विषय. रडारड नाही. सुरुवातीलाच मंचावर दंड-बैठकांसारखे जोर काढून दाखवतो. जुलै २००८ मध्ये तो गेला. शेवटच्या मिनिटात तो एक गोष्ट उघड करतो, ती मी इथे सांगणार नाही. ज्यांच्या घरात नुकतंच आजारपण झालंय त्यांना मात्र आधी विषयाची कल्पना द्या, अचानक समोर आणू नका.

तिसरं मराठीतलं, डॉ. अभय बंग. गडचिरोलीत गावातल्याच बायकांना प्रशिक्षण देऊन त्यांनी आणि डॉ. राणी बंग यांनी नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घेण्याची पद्धत उभी केली. नवजात मृत्यूचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा त्यांचा निबंध १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. त्यांची बरीच भाषणं यूट्यूबवर आहेत. ‘हे गडचिरोलीचं झालं’ असं कोणी म्हणालं तर आपल्याच जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकच्या पाड्यांची आठवण करून द्या. एखादी आशाताई त्या दिवशी हजर असेल तर तिला बोलतं करा. व्हिडिओपेक्षा ती जास्त सांगेल.

नरेंद्र दाभोलकरांची चित्रित भाषणंही अशीच गटात बघावी. ते प्रश्न विचारणाऱ्याचा अपमान करत नाहीत, आणि समोरचा देव मानणारा आहे हे गृहीत धरूनच बोलतात. त्यानंतर हॉलमध्ये आवाज चढतील. चढू द्या, फक्त चहा आधी तयार ठेवा.

मुलांसाठी

अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरहून शिकलेला इंजिनीअर, पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या विज्ञान केंद्रात वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी करत राहिला. २०१८ ला पद्मश्री मिळाली. टेडवरच्या पंधराएक मिनिटांच्या भाषणात ते सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि काडेपेटीतल्या काड्या जोडून त्रिकोण-चौकोन करतात आणि स्ट्रॉची पिपाणी वाजवता वाजवता कात्रीने कापत नेतात. आवाज बारीक होत जातो. कात्री, स्ट्रॉ, जुने पेपर समोर ठेवूनच हे लावा, कारण पोरं शेवटपर्यंत गप्प बसणार नाहीत. त्यांच्या संकेतस्थळावर खेळण्यांच्या छोट्या फिती आणि मराठीसह अनेक भाषांतली पुस्तकं फुकट आहेत.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनची नाताळातली व्याख्यानं १८२५ पासून मुलांसाठीच होतात. मायकल फॅरेडेने तिथेच एका मेणबत्तीवरून सबंध रसायनशास्त्र समजावलं. त्या काळचं मुद्रण अर्थातच नाही, पण कार्ल सेगन यांची १९७७ ची ग्रहांवरची व्याख्यानं संस्थेच्या संकेतस्थळावर बघता येतात. आठवी-नववीच्या मुलांना चालतील. आणि जयंत नारळीकर. २०२१ ला नाशिकच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. २०२५ मध्ये ते गेले. खगोलशास्त्रावरची त्यांची मराठी भाषणं मुलांसोबत मोठ्यांनीही बघावी, कारण अवघड शब्द आला की ते थांबतात आणि आधी तो सोपा करतात.

पायरी सहावी: लांब पल्ल्याचं एकच

दोन-तीन महिने वर सांगितल्याप्रमाणे जमलं, तर एक मालिका घ्या. एकच. तीन सुरू केल्या की तिन्ही सुटतात.

विज्ञानाची ओढ असेल तर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन, कॉर्नेल विद्यापीठ, १९६४. बीबीसीने चित्रित केलेली कृष्णधवल सात व्याख्यानं. पहिलं गुरुत्वाकर्षणावर. गणित बेताचं आहे, अकरावीच्या मुलाला पुरेल. सातव्यात नवा नियम कसा शोधायचा ते सांगतात. आधी अंदाज करा, त्यातून काय निघतं ते मोजा, प्रयोगाशी ताडून बघा, जुळलं नाही तर अंदाज चूक. अंदाज करणारा कितीही हुशार असो.

इंजिनीअरिंगच्या मुलांनी गिल्बर्ट स्ट्रँग यांचं लिनिअर अल्जेब्रा घ्यावं. अमेरिकेतल्या एमआयटीने आपले वर्ग जगाला फुकट देण्याची घोषणा २००१ मध्ये केली, त्या खजिन्यातलं हे बहुधा सर्वांत लाडकं. स्ट्रँग १९६२ पासून तिथे शिकवत होते, शेवटचा तास मे २०२३ मध्ये झाला. फळा आणि खडू, बस्स. इथे ४८० च्या खालचा दर्जा ठेवू नका, नाहीतर फळ्यावरचे एक आणि सात सारखेच दिसतात. हाताशी वही नसेल तर व्हिडिओ उघडूच नका.

माणसाच्या वागण्याचं कुतूहल असेल तर रॉबर्ट सापोल्स्की, स्टॅनफर्ड, २०१०, पंचवीस व्याख्यानं. प्रत्येक दीड तासाच्या आसपास, तेव्हा आधी पहिलंच बघा आणि मग ठरवा. आपल्याकडच्या आयआयटींचे ऑनलाइन वर्ग, म्हणजे एनपीटीईएल, तेही फुकट आहेत. तिथे शुल्क लागतं ते परीक्षा आणि प्रमाणपत्राला, बघायला नाही. मात्र तो अभ्यासक्रम आहे. संध्याकाळची करमणूक म्हणून लावाल तर झोप येईल.

आणि ज्यांना स्वतःच कधी सभेत बोलायचंय, त्यांना पॅट्रिक विन्स्टन यांचा एमआयटीतला कसं बोलावं यावरचा तास. सुरुवात विनोदाने करू नका, शेवट ‘धन्यवाद’ने करू नका, असं ते बजावतात आणि कारणंही देतात. आपल्याकडच्या सत्कार समारंभांना हा तास आधी दाखवायला हवा.

अस्सल व्हिडिओ ओळखायचा कसा

हे अलीकडे फार गरजेचं झालंय. फाइनमन यांच्या आवाजासारखा यंत्राने तयार केलेला आवाज आणि खाली त्यांनी कधीच न उच्चारलेली वाक्यं, असे व्हिडिओ ढिगाने आहेत. कुठल्याही भाषणाबाबत तीन गोष्टी बघा. चॅनल कोणाचं आहे, विद्यापीठाचं, संस्थेचं की ‘यशाची गुरुकिल्ली’ छापाचं? भाषण कुठे आणि कोणत्या साली झालं ते लिहिलंय का? वक्ता बोलताना दिसतो का, की नुसते ढग आणि समुद्र? स्थळ आणि साल नसेल तर सोडून द्या. ‘धक्कादायक’ लिहिलेलं लाल चित्र असेल तर विचारही करू नका. जुन्या मराठी ध्वनिमुद्रणांत चॅनल बहुधा एखाद्या चाहत्याचं असतं. तिथे आवाज ओळखणाऱ्या एखाद्या ज्येष्ठाला ऐकवून खात्री करा.

शोधताना नुसतं वक्त्याचं नाव टाकू नका, सोबत ‘व्याख्यान’ किंवा ‘स्मृती व्याख्यानमाला’ लिहा, आणि यूट्यूबच्या फिल्टरमध्ये वीस मिनिटांहून मोठे व्हिडिओ निवडा. तुकडे आपोआप गळतात.

टिपणं

फार लिहू नका. प्रत्येक व्याख्यानाला वहीत चार ओळी पुरतात. वक्ता आणि साल, एक पटलेली गोष्ट, एक न पटलेली, आणि पुन्हा ऐकावा असा मिनिट-सेकंदाचा आकडा. व्हॉट्सअॅपवर पाठवताना सव्वा तासाची लिंक नुसती टाकली तर कोणी उघडत नाही. संगणकावर ‘शेअर’ दाबलं की ‘स्टार्ट अॅट’ची चौकट येते. त्यात तो आकडा टाका आणि सोबत स्वतःचं एक वाक्य लिहा.

पहिल्या महिन्याचा कार्यक्रम

पहिल्या रविवारी रोझलिंग यांचं मशीन आणि अडिची, दोन्ही मिळून अर्ध्या तासात. दुसऱ्या रविवारी मुलांना घेऊन अरविंद गुप्ता. तिसऱ्या रविवारी सँडेल यांचा पहिला भाग, थांबवत थांबवत. चौथ्या रविवारी अभय बंग. कानांचं मधल्या दिवसांत ज्याचं त्याने बघावं. वेळ संध्याकाळची ठेवा, कारण रविवारी सकाळी नाशिककर मिसळीच्या रांगेत असतो आणि तिथून त्याला उठवून आणणं फाइनमनलाही जमणार नाही.